‘मुक्त बाजार’ या शब्दातली मुक्ती नेमकी कोणाची?

अंत्रुजकर:

फोंड्यात आम्हा सात-आठ जणांचे एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा जमावे, ठरलेले प्रकरण वाचावे आणि चहा येईपर्यंत गावच्या विषयावर उतरावे, असा आमचा शिरस्ता. गेल्या बैठकीत ॲपवरून बोलावायच्या टॅक्सींवरून वाद झाला. तो वाद गोव्याला नवा नाही. पण त्यातून माझ्या मनात राहिलेली शंका टॅक्सीपेक्षा एका शब्दाविषयी आहे, म्हणून ती येथे मांडतो.

आमचा एक सदस्य बावीस वर्षे किनारपट्टीवर टॅक्सी चालवतो. त्याचे म्हणणे असे की, ॲप आले की धंदा आपल्या मर्जीने करण्याचे त्याचे स्वातंत्र्य संपले. कोणते भाडे घ्यावे, कोणाला नाही म्हणावे, दुपारी घरी जाऊन जेवावे की नाही, हे उद्या मोबाइल ठरवील. दुसरा सदस्य एका हॉटेलात हिशेबनीस आहे. त्याचे म्हणणे याच्या अगदी उलट. विमानतळावर उतरलेल्या माणसाला कोणती गाडी घ्यावी हे ठरवता येत नसेल, आणि नव्याने गाडी घेतलेल्या गावच्याच पोराला स्टँडवरच्या मंडळींनी होकार दिल्याशिवाय रांगेत उभे राहता येत नसेल, तर स्वातंत्र्याची भाषा टॅक्सीवाल्यांनी करू नये, असे तो म्हणाला. दोघेही प्रामाणिकपणे बोलत होते, दोघांच्याही तोंडी तोच एक शब्द होता, आणि तासाभराने आपलेच म्हणणे सिद्ध झाले अशा समाधानात दोघेही घरी गेले.

त्या दिवशी वाचायला घेतले होते अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचे १९६२ सालचे विवेचन. आर्थिक स्वातंत्र्य हा मुळात स्वातंत्र्याचाच भाग आहे, शिवाय ते सत्ता एका हाती साचू देत नाही, म्हणून राजकीय स्वातंत्र्यासाठीही ते आवश्यक आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. वाचताना मला सारखे वडिलांचे दुकान आठवत होते. म्हापशाच्या बाजारात त्यांचे छोटे दुकान होते. पन्नाशीच्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारने आयातीची दारे सैल सोडली, आणि आमच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात हॉलंडचे चीज, स्वित्झर्लंडची घड्याळे आणि विलायती दारू दाटीवाटीने बसली. त्याच दुकानात येणारे वृत्तपत्र मात्र सेन्सॉरच्या हाताखालून आलेले असे, आणि सभा घ्यायची तर परवानगी लागे. डॉ. राममनोहर लोहियांना १८ जून १९४६ रोजी मडगावात अटक झाली, ती हीच बंदी मोडून बोलायला उभे राहिल्यामुळे. पुढे १९ डिसेंबर १९६१ हा गोवामुक्तीचा दिवस आला. वडील सभांना जाऊ लागले, हवे ते वर्तमानपत्र वाचू लागले, डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केले. आणि आयातीला परवाने आल्यामुळे दोन-तीन वर्षांत ते काचेचे कपाट रिकामे झाले. म्हातारपणी ते हसत सांगत, “आम्ही मुक्त झालो आणि बाजार तुरुंगात गेला.”

तर माझी शंका अशी. ‘मुक्त बाजार’ म्हणताना आपण बाजाराची मुक्ती म्हणतो की माणसांची? दोन्ही एकच असतील तर वडिलांच्या आयुष्यात ती एकमेकींच्या उलट दिशेने का गेली? आणि दोन्ही निराळ्या असतील, तर आमच्या टॅक्सीवाल्या मित्राचे आणि हिशेबनिसाचे भांडण शब्दार्थाचे आहे की खरोखरचे?

पडवीवरून:

मी डिचोलीच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे शब्दापासून सुरुवात केल्याबद्दल क्षमा असावी. इंग्रजीत एकाच विशेषणावर भागते. मराठीत आपल्याकडे मुक्त, खुला, मोकळा आणि स्वतंत्र असे निदान चार शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. १९९१ नंतर वृत्तपत्रांनी ‘खुली अर्थव्यवस्था’ रूढ केली. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची आद्याक्षरे जुळवून ‘खाउजा’ असा शब्दही कोणी केला, आणि तो विरोधकांच्या इतका पसंतीस उतरला की ‘खाऊन जा’ हा विनोद वेगळा करावाच लागला नाही. पण खुले दार आणि सुटलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘मुक्त’ हा शब्द ऐकणाऱ्याला ‘कशापासून’ असे विचारायला लावतो. करमुक्त, ऋणमुक्त, रोगमुक्त, भयमुक्त या साऱ्या समासांत पहिले पद सुटकेची जागा सांगते. ‘मुक्त बाजार’ या शब्दप्रयोगात ती जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी असल्यामुळेच प्रत्येक जण तीत आपल्या सोयीचे पद भरतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द वेगळा चालतो. ज्याचे तंत्र स्वतःकडे आहे तो स्वतंत्र. पाणिनीने तर कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी केली आहे. क्रियेत इतर कारके ज्याच्या आधाराने राहतात आणि जो स्वतः दुसऱ्याच्या आधाराने राहत नाही, तो कर्ता. आता बाजाराला कर्ता करून पाहा. बाजार विकत नाही, विकत घेत नाही, उपाशी राहत नाही, कंटाळत नाही. तो चढला, पडला, सुधारला असे आपण म्हणतो ते केवळ बोलण्याच्या सोयीसाठी. तेव्हा मुक्ती असलीच तर ती त्यात वावरणाऱ्या कोणाची तरी असणार, आणि तो कोणीतरी वाक्यात उघडपणे आणला पाहिजे.

तत्त्वचिंतक आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधील व्याख्यानात अभावात्मक आणि भावात्मक असे स्वातंत्र्याचे दोन प्रकार सांगितले. कोणी अडवत नाही हे एक, आणि मी माझा धनी आहे हे दुसरे. पुढे १९६७ साली जेराल्ड मॅक्कलम या अमेरिकी तत्त्वज्ञाने दाखवले की, स्वातंत्र्याविषयीचे कोणतेही विधान पुरे व्हायला तीन जागा भराव्या लागतात: कोण, कशापासून, आणि काय करण्यास. आपल्या दोन मित्रांनी या जागा भरल्या असत्या तर टॅक्सीवाला म्हणाला असता, “मी, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळापत्रकापासून, माझा दिवस माझा मी आखायला.” हिशेबनीस म्हणाला असता, “प्रवासी आणि नवखा चालक, स्टँडच्या मक्तेदारीपासून, एकमेकांशी सौदा करायला.” दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. त्यामुळे त्यांचे भांडण खरोखरचे आहे, फक्त ते ज्या शब्दावर चालले होते त्यावर नाही.

या बाबतीत मला सर्वांत थेट वाटते ते बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली संविधान सभेसाठी सिद्ध केलेले निवेदन. राज्यसंस्थेने हात मागे घेतला की उरते ते स्वातंत्र्यच, हे ते मान्य करतात आणि लगेच विचारतात की हे स्वातंत्र्य कोणाला आणि कोणासाठी. त्यांचे उत्तर असे की, ते जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी घटवण्याचे स्वातंत्र्य असते.

सत्तरीचा बागायतदार:

गुरुजींचे व्याकरण मला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. तीन जागा भरायच्या म्हटल्या की सगळी स्वातंत्र्ये एकाच मापाची दिसू लागतात, आणि ‘प्रत्येक नियम कोणाचे तरी स्वातंत्र्य काढतो आणि कोणाला तरी देतो’ असे म्हणून माणूस स्वस्थ बसतो. पण माणसाने मला अडवणे आणि परिस्थितीने मला न देणे यांत फरक आहे, आणि तो पुसून टाकला तर स्वातंत्र्य हा शब्द ठेवण्याचे कारणच उरत नाही. मार्चमध्ये मोहोर गळाला तर माझे नुकसान होते, माझे स्वातंत्र्य जात नाही. माझ्या बागेतल्या काजूच्या बोंडूंचा रस कोणी गाळायचा हे अबकारी खात्याच्या झोनच्या पावणीवर, म्हणजे लिलावावर, ठरते, तेव्हा मात्र दुसऱ्या माणसांनी केलेली एक योजना माझ्या आणि फेणी गाळणाऱ्या भाटीवाल्याच्या मध्ये येऊन उभी राहते. अर्थतज्ज्ञ हायेक यांचा जोर याच फरकावर होता आणि तो मला अजून कोणी खोडून दाखवलेला नाही.

अंत्रुजकरांच्या वडिलांच्या दुकानाविषयी थोडी दुरुस्ती. फ्रीडमन यांनी बाजारस्वातंत्र्य आवश्यक म्हटले आहे, पुरेसे म्हटलेले नाही. खासगी उद्योग असूनही राजकीय स्वातंत्र्य नसल्याचे दाखले म्हणून त्यांनी स्वतःच फॅसिस्ट इटली आणि स्पेन यांची नावे घेतली आहेत. दुसरे असे की, हुकूमशहा सालाझारचे पोर्तुगाल हे मुक्त बाजाराचे उदाहरण नव्हतेच. तेथे १९३१ पासून औद्योगिक नियंत्रणाची पद्धत होती. नवा कारखाना काढायचा तर सरकारी परवाना, असलेला वाढवायचा तरी परवाना. म्हापशाच्या कपाटातले चीज हे नाकेबंदीला तोंड देताना एका हुकूमशहाने दिलेली सवलत होती. सवलत आणि स्वातंत्र्य यांतला भेद वडिलांना नक्कीच कळत असणार.

बाजारस्वातंत्र्य ही श्रीमंतांची मागणी आहे, हे गृहीतक मराठी माणसाच्या तोंडी मला विशेष खटकते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्यासाठी सवलतींची भीक नको, बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्या, असे सांगितले, आणि ते ऐकायला कांद्याच्या आणि उसाच्या रानातली माणसे हजारोंनी रस्त्यावर आली. एकाधिकार खरेदीच्या काळात विदर्भातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या कष्टाचा कापूस राज्याच्या सीमेपलीकडे विकता येत नसे. पलीकडे भाव जास्त असला तरी तो चोरासारखा रात्री न्यावा लागे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत. त्या पाच महिन्यांत लासलगावच्या शेतकऱ्याला ‘तुझे भावात्मक स्वातंत्र्य अबाधित आहे’ असे सांगण्याचे धाडस मी तरी केले नसते. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले आहे की, गरिबाची सारी मालमत्ता म्हणजे त्याच्या हातांतले बळ आणि कसब. शेजाऱ्याला इजा न करता ते वापरू न देणे म्हणजे त्या मालमत्तेवरच घाला घालणे होय. नव्या टॅक्सीवाल्या पोराला हे वाक्य वाचून दाखवावे.

एक कबुली देतो, नाहीतर कोणी तरी ती माझ्याकडून काढून घेईलच. आफ्रिकेतून कच्च्या काजूबिया येतात, त्यामुळे इकडचा भाव पडतो, आणि आधारभूत किमतीच्या मागणीवर माझीही सही आहे. तेव्हा मी भाव मागितला होता. त्याला स्वातंत्र्य असे नाव दिले नाही, एवढेच माझे समाधान.

पणजीचा वकील:

संविधानाच्या अंगाने थोडेच लिहितो, कारण गुरुजींनी उपस्थित केलेला कर्त्याचा प्रश्न तेथे अक्षरशः दोन कलमांत विभागलेला आहे. अनुच्छेद १९(१)(छ) कोणताही पेशा, व्यवसाय किंवा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला देतो, आणि सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. अनुच्छेद ३०१ मात्र नागरिकाचे नाव न घेता देशभरातील व्यापार आणि वाणिज्य मुक्त असतील असे म्हणतो. ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या संविधानातून आली. म्हणजे एका ठिकाणी माणूस मुक्त आहे आणि दुसऱ्या ठिकाणी खुद्द व्यापार.

या दुसऱ्या मुक्तीचा अर्थ लावण्यात सर्वोच्च न्यायालयाची पन्नासहून अधिक वर्षे गेली. १९६० मध्ये आसामच्या चहाच्या खटल्यात मालाच्या वाहतुकीवरचा करही या मुक्तीआड येऊ शकतो असे ठरले. १९६२ मध्ये राजस्थानच्या मोटारवाहतुकीच्या खटल्यात व्यापार सुकर करणारे नियम आणि भरपाईच्या स्वरूपाचे कर त्यातून वगळले गेले. आणि २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, मुक्त म्हणजे करमुक्त नव्हे, भेदभाव करणारा कर तेवढा चालणार नाही. २०१८ साली फॉर्मेलिनचे प्रकरण उद्भवल्यावर गोव्याने परराज्यांतल्या मासळीचे ट्रक काही काळ थांबवले होते, तेव्हा ताटातली मासळी सुरक्षित असण्याची मागणी आणि कारवारच्या मासेविक्याची मुक्ती समोरासमोर आल्या होत्या. स्वयंपाकघरात त्या आठवड्यात ३०१ ची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

मुंडकाराची नात:

बागायतदारांच्या एका वाक्याला उत्तर द्यायचे आहे. माणसाने अडवणे आणि परिस्थितीने न देणे यांत फरक आहे, हे बरोबर. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, आणि माझ्या आजीचे अख्खे आयुष्य त्या अवस्थेत गेले.

आम्ही बार्देशातल्या एका भाटकाराचे मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या बागेत घर करून राहणारे कुळ. नारळीच्या भाटात कडेला आमचे खोपट, चुडतांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, छपराचे. भाटकार भला माणूस होता. हे मी उपरोधाने लिहीत नाही. त्याने आजीला कधी शिवी दिली नाही, कधी बाहेर काढण्याची धमकी दिली नाही, माझ्या वडिलांना शाळेची पुस्तके घेऊन दिली. पण छपरावर नळे, म्हणजे कौले, घालायचे तर त्याला विचारावे लागे, कारण पक्के छप्पर झाले की मुंडकाराचा हक्क पक्का होईल अशी त्या काळी प्रत्येक भाटकाराला धास्ती असे. आजी दर वर्षी एप्रिलच्या शेवटी त्याच्या घराच्या मागल्या पायरीवर जाऊन बसे. पुढल्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, नाही, मागे, जेथे नारळ उतरवणारे पाडेली नारळ मोजून देत. कधी अर्धा तास, कधी दुपार टळेपर्यंत. मग “पात्रांव, औंदा तरी” असे म्हणून ती विषय काढी, आणि तो हसून म्हणे, “पुढल्या वर्षी पाहू.” नाही असा शब्द त्याने कधी उच्चारला नाही. आजी घरी येऊन चुडते विणायला बसे. भाटातले नारळ उतरवण्याच्या दिवशी बोलावणे नसतानाही ती सर्वांच्या आधी हजर असे, आणि तिने असे का करावे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

येथे जबरदस्ती दाखवा असे कोणी म्हटले तर मला दाखवता येणार नाही. कोणी हात धरला नाही, सौदा मोडला नाही, कायदा मोडला नाही. जमीन भाटकाराची होती आणि आपल्या जमिनीवर काय बांधू द्यावे हे ठरवण्याचा मालकाला हक्क असतो. अडवणूक म्हणजेच स्वातंत्र्याचा अभाव असे धरले, तर आजी बहुतेक काळ स्वतंत्र होती असेच म्हणावे लागेल. तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी १९९७ मध्ये जी मांडणी केली ती वाचताना मला ती मागली पायरी आठवली. दुसऱ्याने अडवणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग. कोणालाही जाब न देता तो हवे तेव्हा अडवू शकतो अशा स्थितीत जगणे, हीच परतंत्रता, मग तो कितीही दयाळू असो. टॅक्सीवाल्या दादांना ॲपची भीती वाटते ती मला याच जातीची वाटते. हिशेबनिसांना स्टँडविषयी जो राग आहे, तोही.

१९७५ च्या मुंडकार कायद्याने हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले आणि राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. भाटकाराच्या मुलाच्या दृष्टीने त्याच्या मालमत्तेचे स्वातंत्र्य गेले, आणि ते खरेच गेले. त्याबद्दल मी त्याच्याशी वाद घालत नाही. फक्त मालमत्ता म्हणजे आधीपासून असलेले निसर्गाचे देणे आणि कायदा म्हणजे मागाहून आलेला अडथळा, हे चित्र मला पटत नाही. न विचारता नळे घालणाऱ्या आजीला थांबवायचे भाटकाराने ठरवले असते, तर फौजदारच आला असता, आणि तोही सरकारचाच.

तरीही बाजाराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या घरात घडली आहे आणि कायद्याची बाजू घेणारे ती सहसा सांगत नाहीत. आजीच्या पायरीवरच्या फेऱ्या १९७५ मध्ये थांबल्या नाहीत. त्या त्याआधीच थांबल्या होत्या. माझे थोरले काका बोटीवर लागले आणि त्यांचे पैसे येऊ लागले. धाकटे खाणीवर ट्रक चालवू लागले. भाटकाराच्या हातात नसलेला पैसा घरात आला आणि त्या वर्षी आजी न विचारता नळे घेऊन आली. भाटकाराने पाहिले, काही बोलला नाही. मजुरीच्या बाजारात कोणा अनोळखी कंपनीने काकांची मेहनत विकत घेतली नसती, तर तो कायदा येईपर्यंत आणखी किती एप्रिल गेले असते, कोण जाणे. घर नावावर व्हायला मात्र मामलेदाराच्या कचेरीत आणखी एकोणीस वर्षे गेली, आणि तेथेही बाक मागच्याच बाजूला होता.

खाजनकार:

बाईंनी लिहिलेल्या मागल्या पायरीनंतर माझे उदाहरण कोरडे वाटेल, पण ते एक वेगळी अडचण दाखवते.

तिसवाडीतल्या आमच्या खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीला, बांध आहे आणि बांधाला मानस. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवावे आणि ओहोटीला आतले पाणी सोडावे, यासाठी ही लाकडी दारे. ओहोटीच्या पाण्याबरोबर सुंगटे आणि मासळी जाळ्यात येते, म्हणून मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी होते. जो सर्वांत जास्त बोली लावील त्याला तो हक्क. पावणी उघडी असते, कोणावर सक्ती नसते, पैसे बांधाच्या डागडुजीला जावेत अशी अपेक्षा असते. इतका स्वच्छ बाजार दुसरीकडे सापडणे कठीण. आता घेणाऱ्याने लाख मोजलेले असले तर त्याचा जीव मासळीत अडकतो. भरतीच्या वेळी दार थोडे उशिरा लागले की आत पाणी जास्त, पाणी जास्त की सुंगटे जास्त. चार-सहा महिने हे चालले की खारे पाणी भाताच्या मेरेपर्यंत पोचते, आणि पुढल्या पावसात खाजनाच्या कडेच्या कोनांत रोप तग धरत नाही.

सौदा करणाऱ्या दोघांचे स्वातंत्र्य येथे पुरेपूर पाळले गेले. ज्याचे शेत गेले तो सौद्यात नव्हताच. जॉन स्टुअर्ट मिल यांना बाजारवादी आपला मानतात, पण १८५९ च्या स्वातंत्र्यावरील निबंधात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की, व्यापार हे सामाजिक कृत्य आहे आणि खुल्या व्यापाराचे समर्थन ते व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर करत नाहीत. त्याची कारणे वेगळी आहेत, आणि तीही तितकीच भक्कम आहेत. म्हणजे पावणी चांगली असेल तर ती चांगला भाव काढते म्हणून चांगली. कोणाला तरी मुक्त करते म्हणून नव्हे. आपल्याकडे मात्र या दोन समर्थनांची इतकी सरमिसळ झाली आहे की, भावाचा हिशेब चुकतो आहे असे म्हटले तरी स्वातंत्र्याचा शत्रू ठरवतात.

सत्तरीचा बागायतदार:

मिल यांचे ते वाक्य मला ठाऊक होते आणि ते कोणी काढू नये अशी आशा होती. मानशीबाबत माझे म्हणणे एवढेच की, तेथे हक्क अर्धवट विकला गेला. दार कधी उघडायचे हे करारात नव्हते, किंवा असले तरी पाहायला कोणी नव्हते. जुन्या गावकरीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, ते पाहणारे होते.

ताईंच्या लिखाणाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पायरीवर बसलेली बाई स्वतंत्र होती असे मी म्हणणार नाही. पण तिला तेथून उठवणारी पहिली गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पैसा होती, हे त्यांनीच लिहिले आहे, आणि मी बाजाराला जे स्वातंत्र्याचे नाव देतो ते याच अर्थाने: एका भाटकाराऐवजी अनेक अनोळखी, ज्यांच्यापैकी कोणाकडेही ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणण्याची सोय नाही. ते अनेक एकाच ॲपमध्ये एकवटले तर माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मात्र मला दिसते आहे.

अंत्रुजकर:

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी ही सारी उत्तरे मी टॅक्सीवाल्या मित्राला गाडीतच वाचून दाखवली. पाणिनी त्याने शांतपणे ऐकून घेतला. मागल्या पायरीचा मजकूर आला तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली आणि तो भाग पुन्हा वाचायला सांगितला.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी बैठकीत बोलला नव्हता. पहिली गाडी घेतल्यावर स्टँडवर नंबर लागावा म्हणून तो स्वतः दीड वर्ष एका हॉटेलच्या फाटकाबाहेर चिंचेच्या झाडाखाली गाडी लावून बसत असे, आणि रांगेतल्या जुन्या लोकांच्या घरच्या लग्नकार्यात फुकट भाडी मारत असे. हिशेबनीस म्हणतो तो नवा पोर कोण, हे त्याला पक्के ठाऊक आहे. गेल्या गणेश चतुर्थीला त्याच पोराने याच्या घरी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीचे, सामान पोचवले आणि पैसे घेतले नाहीत. “ते त्याने का केले, ते मला त्या दिवशी बरे वाटले होते,” एवढे म्हणून त्याने गाडी सुरू केली.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. स्टँडवर नंबर देण्याचे नियम कागदावर आहेत का, असे मी त्याला विचारले. नाहीत, म्हणाला. ॲपवाल्यांचे आहेत का, ते हिशेबनीस पाहून येणार आहे.